‘७५ टक्के लोक मेंढरं असतात’ असं विज्ञान कुठेच म्हणालेलं नाही

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. विज्ञानाने सिद्ध केलंय म्हणे की ७५ टक्के लोक चारचौघं म्हणतात म्हणून डोळ्यासमोरची गोष्ट नाकारतात, ६५ टक्के लोक साहेबाने सांगितलं म्हणून अनोळखी माणसाला करंट देऊन मारतात, माकडांचं पण तेच, आणि म्हणून (हे ‘म्हणून’ कुठून उगवलं देव जाणे) जनतेला कडक हाताने हाकणारा कोणीतरी लागतोच. एकेक बघू.

‘७५ टक्के लोक डोळ्यासमोरचं नाकारतात.’ हा सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग, अमेरिकेतला, १९५० च्या आसपासचा. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, तिघींतली तेवढीच लांब कुठली ते मोठ्याने सांगायचं, एवढंच काम. खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले, खरा पाहुणा एकच, आणि त्याचा नंबर जवळपास शेवटी. १८ फेऱ्यांपैकी १२ मध्ये पढवलेले लोक एकमुखाने धडधडीत चुकीचं सांगायचे. आता ७५ टक्के म्हणजे काय, तर या १२ पैकी निदान एकदा तरी गर्दीबरोबर गेलेले. एकदा! सगळी उत्तरं एकत्र धरली तर गर्दीच्या बाजूने गेलेली साधारण ३७ टक्के, म्हणजे उरलेल्या ६३ टक्के वेळा माणूस अख्ख्या खोलीसमोर एकटा बरोबर बोलला. चौथा हिस्सा लोक तर एकदाही हलले नाहीत, आणि बाराच्या बारा वेळा मान डोलावणारे जेमतेम ५ टक्के. हा आकडा फॉरवर्डमध्ये का नसतो?

आणि डोळ्यांचं म्हणाल तर अ‍ॅशने नंतर लोकांना विचारलं होतं. आपल्याला रेघ खरंच तशी दिसली असं म्हणणारे फार थोडे. बरेच जण म्हणाले माझंच काहीतरी चुकत असेल असं वाटलं, काही म्हणाले दिसत होतं बरोबर पण वेगळं कशाला पडा. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहू दिलं तर चुका खूप कमी झाल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करून ‘सर्वानुमते मंजूर’ झालेल्या ठरावावर जिन्यात काय बोलणं होतं ते ज्याला माहितीये त्याला हे वेगळं समजवायला नको.

हां, एक गोष्ट कबूल. मुळात गोष्टच धूसर असेल तर दुसऱ्यांचं म्हणणं खोलवर उतरतं. १९३५ मध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने काळोख्या खोलीत एक स्थिर दिवा दाखवला, तो हलतोय असा भास होतो, आणि किती हलला याचे सगळ्यांचे अंदाज हळूहळू एकमेकांजवळ आले, नंतर एकटं विचारलं तरी तिथेच राहिले. पण तिथे मोजायला धड काही नव्हतंच.

‘६५ टक्क्यांनी माणूस मारला.’ कोणी मेलं नाही, पलीकडच्या माणसाला शॉकही बसला नाही, तो नाटक करत होता. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम, अमेरिकेतलं येल विद्यापीठ, १९६१ पासूनचे प्रयोग. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की प्रयोग चालवणारा ‘साहेब’ सांगेल तसं बटण दाबून त्याला वाढत्या व्होल्टचा शॉक द्यायचा, असं काम. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले, हे खरंय आणि वाईटच आहे, त्यावर पांघरूण घालायचं नाहीये. पण ही त्या प्रयोगाच्या एका मांडणीतली गोष्ट. शॉक खाणारा त्याच खोलीत बसवला तर आकडा ४० टक्क्यांवर, साहेब खोलीबाहेर जाऊन फोनवरून हुकूम द्यायला लागला तर २० च्या आसपास, आणि काही लोक तर चक्क शॉक वाढवल्याचं खोटंच सांगत होते!

माकडांचं थोडक्यात उरकतो. पाच माकडं, केळ्यांसाठी एक शिडी चढलं की सगळ्यांवर थंड पाणी, मग पाणी बंद झालं तरी नवीन माकडंसुद्धा कारण न कळता चढणाऱ्याला बडवतात, असा प्रयोग कोणी केल्याची नोंदच नाही. मॅनेजमेंटच्या भाषणांतली ती लाडकी गोष्ट आहे, एवढंच.

राहिलं ते ‘म्हणून’. अ‍ॅशच्या खोलीत बरोबर बोलणारा एक, फक्त एक जोडीदार मिळाला की चुका चौथाईवर यायच्या. जोडीदार तिसरंच काहीतरी चुकीचं बोलला तरी चुका उतरायच्या, कारण एकमत फुटलेलं असायचं. मिलग्रॅमकडे बाजूला बसलेल्या, आधीच पढवलेल्या दोघांनी ‘आम्ही नाही करणार’ म्हटल्यावर ४० पैकी चौघेच शेवटपर्यंत गेले. आणि एका मांडणीत दोन साहेब ठेवून त्यांच्यात मुद्दाम वाद लावून दिला, एक म्हणतोय थांब, दुसरा म्हणतोय चालू ठेव, तर २० पैकी एकही माणूस शेवटच्या बटणाला पोचला नाही. आता यातून कडक साहेब हवा हे कसं काढलं ते फॉरवर्डवाल्यांनीच सांगावं.