डेमो गाडी सध्या उपलब्ध नाही

मला हवी असलेली गाडी शोरूममध्ये होती. दिव्यांच्या झगमगाटात उभी होती, दरवाजे उघडत होते, काचा खालीवर होत होत्या, हॉर्नसुद्धा वाजवून बघता येत होता. फक्त ती चालवायला मिळत नव्हती.

"सर, डेमो कार मॅन्युअल आहे," सेल्समन म्हणाला. "तुम्हाला ऑटोमॅटिक हवी ना? सेमच आहे. फक्त क्लच नाही."

आता ऑटोमॅटिक घ्यायची ती क्लचला कंटाळूनच. काही ऑटोमॅटिक गाड्यांत आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबायचं काम तेवढं यंत्र करतं. अशी गाडी गिअर बदलते तेव्हा क्षणभर दम खाते आणि आतल्या सगळ्यांच्या माना एकदम पुढे झुकतात. घरातली सगळी माणसं एका वेळी मान डोलावताहेत हे दृश्य मला आवडलंही असतं, पण ओव्हरटेक करताना नको. तो झटका किती बसतो हे क्लचवाली गाडी चालवून कसं कळणार?

"मग असं करा, हेच इंजिन आमच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये आहे. ते चालवून बघा."

ते दुसरं मॉडेल लांबीला जास्त, वजनाला जास्त आणि दिसायला कपाटासारखं होतं. मी नकार दिला. तेव्हा त्याने अत्यंत निरागसपणे शेवटचा उपाय सुचवला. "चालवायचीच आहे ना सर? डिलिव्हरी झाली की हवी तेवढी चालवा की!"

आधी बुकिंग केलं नाही तर वेटिंग वाढणार होतं, त्यामुळे मी घरी येऊन अभ्यासाला बसलो. म्हणजे व्हिडिओ बघायला. गाडीची परीक्षणं करणाऱ्या या तज्ज्ञांची एक ठरलेली पद्धत असते. आधी ते डॅशबोर्डवर टकटक करतात आणि 'हार्ड प्लास्टिक' म्हणून हळहळतात. मग दरवाजा लावतात आणि त्याच्या आवाजाने प्रसन्न होतात. (तो भारदस्त 'धप्प' आवाज गाडी बनवणारे मुद्दाम घडवतात, त्यासाठी वेगळे इंजिनिअर बसवतात. म्हणजे तिथेही आपल्याला गंडवायची सोय आहेच.) पुढची सीट स्वतःच्या मापाने लावून मग ते मागे जाऊन बसतात आणि सांगतात, "मी माझ्याच मागे बसलोय आणि गुडघ्यापुढे भरपूर जागा आहे." आमच्या घरात माझ्या मागे मी कधीच बसत नाही. माझ्या मागे माझा मुलगा बसतो, जो माझ्यापेक्षा उंच आहे आणि माझ्या पाठीत गुडघे घालून बसणं हा आपला जन्मसिद्ध हक्क समजतो.

व्हिडिओ सोडून मी आकड्यांकडे वळलो. आकडे तरी खोटं बोलत नाहीत. पण ते कुठे बोललेत हे बघावं लागतं. मायलेज घ्या. युरोपात २०१७ पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणी आधीच्या चाचणीपेक्षा कितीतरी कडक मानली जाते. त्यात गाडी प्रयोगशाळेत रोलरवर अर्धा तास पळवतात, जेमतेम २३ किलोमीटर, तापमान २३ अंश. खड्डा नाही, मागून हॉर्न देणारा नाही, "अहो, इथून डावीकडे होतं!" असं वळण गेल्यावर सांगणारं कोणी नाही. एवढ्या शांततेत मीसुद्धा उत्तम मायलेज देईन.

डिकीचंही तेच. डिकी अमुक लिटरची असं छापलेलं असतं. ते लिटर बऱ्याचदा पाण्याने नव्हे, ठोकळ्यांनी मोजलेले असतात. २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचा एक ठोकळा म्हणजे एक लिटर. असे ठोकळे कोनाकोपऱ्यांत रचत जायचं आणि बसले तेवढे मोजायचे. माझ्या बायकोच्या बॅगा या मापाच्या नाहीत. शिवाय त्यांना कोनाकोपऱ्यांत रचायला गेलं तर "आत इस्त्रीचे कपडे आहेत" असं ऐकावं लागतं.

मग ओळखीतल्या एकांनी नेमकी तीच गाडी घेतल्याचं कळलं. मी त्यांच्याकडे गेलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि हळूच विषय काढला. "अहो, चला ना, आत्ताच चक्कर मारू," म्हणाले आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. पूर्ण चक्करभर मी अपेक्षेने स्टिअरिंगकडे बघत होतो आणि ते दोन्ही हातांनी ते घट्ट धरून होते. गाडी कशी आहे असं विचारलं की "एकच नंबर!" स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीबद्दल पहिल्या वर्षात कोणीही दुसरं काही बोलत नाही, हे माझं पक्कं मत आहे. खरं ऐकायचं तर गाडी विकायला काढलेल्या माणसाला गाठावं. पण तो तर त्याहून गोड बोलतो.

शेवटी पुन्हा शोरूम गाठली, या वेळी घरच्यांना घेऊन. चालत नाही तर नाही, उभ्या गाडीलाच धारेवर धरायचं ठरवलं. आणि सांगतो, उभी गाडीही बरंच बोलते. स्टिअरिंग वरखाली होत होतं, पण मागेपुढे होत नव्हतं. म्हणजे पाय नीट पोचले की हात लांब, आणि हात जवळ आणले की गुडघा कुठेतरी अडकतो. काचेच्या कडेचा खांब तर इतका जाड, की उजवीकडे वळायच्या पवित्र्यात मान वळवली तर समोर उभा असलेला सेल्समन अख्खाच्या अख्खा गायब झाला. मला क्षणभर बरं वाटलं; मग लक्षात आलं की तिथे रस्ता ओलांडणारा माणूस असता तर तोही असाच गायब झाला असता. गाडी उलटली तर छप्पर तगावं म्हणून हे खांब जाड करतात, हे ठीकच. पण मान पुढेमागे करून त्या खांबाआडचं बघायची सवय होईल की चिडचिड, हे चालत्या गाडीतच कळतं. ब्रेक किती दाबला की लागतो, खड्ड्यात कंबर काय म्हणते, इंजिनचा आवाज किती आत येतो, हेही.

"न चालवता सही करणार नाही," मी ठामपणे सांगितलं. "ऑटोमॅटिक डेमो येईल तेव्हा फोन करा."

"सर, तोपर्यंत किंमत..."

"वाढू दे."

स्वतःच्या बाणेदारपणावर खूश होत मी वळलो, तर बाबा दिसेनात. ते पलीकडच्या त्या कपाटासारख्या मॉडेलमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. मला बघून ते उतरले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. दाराला न धरता.

"अरे, ह्यात वाकावं लागत नाही," ते म्हणाले. "हीच घे."

"बाबा, चालवून तरी बघायला हवी ना."

"मला कुठे चालवायची आहे?"

सेल्समनने माझ्या हातातलं माहितीपत्रक अलगद काढून घेतलं आणि बाबांना खुर्ची दिली.