नापास झाला म्हणून फ्रेडी मोठा झाला नाही

परवा रात्री ताईचा फोन आला. भाचा दहावीत आहे, पूर्वपरीक्षेत गणितात आणि विज्ञानात आपटलाय. ती बोलायला गेली तर त्याने मोबाइलच पुढे केला, "हे वाच. फ्रेडी मर्क्युरीपण पाचगणीत नापास झाला होता." तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवर आला होता, मी न वाचताच सोडून दिला होता. आता बसून वाचला. फ्रेडी म्हणजे 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक. मेसेज म्हणतो: फ्रेडी हा मुंबईतल्या गरीब पारशी हमालाचा मुलगा, आईबापांनी त्याला पाचगणीच्या बोर्डिंगात टाकून दिलं, शाळेने त्याचं गाणं दाबलं, पियानो तो आपला आपणच शिकला, दहावीत नापास झाल्यावर त्याने शिक्षणाला कायमचा रामराम ठोकला आणि 'क्वीन' काढून जग जिंकलं. खाली ठळक अक्षरांत, 'मुलांना शाळेत सडवू नका.'

सुरुवातच चुकीची. फारोख बुलसारा, म्हणजेच फ्रेडी, ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मला तो पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर, स्टोन टाउनमध्ये. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, तिथल्या कोर्टात कॅशियर. घरात मुलांना सांभाळायला आया होती. हमाल कुठून काढला, कळत नाही.

'टाकून दिलं' हे वाचून मात्र मला राग आला. वयाच्या आठव्या वर्षी त्याला बोटीने मुंबईला आणि पुढे पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत पाठवलं, ते चांगलं शिक्षण मिळावं म्हणून. सुट्टीत तो मुंबईला मावशी-आजीकडे असायचा. मी वाईचा. पसरणीचा घाट चढून वर गेलं की सिल्व्हर ओकच्या रांगांमागे ही बोर्डिंग दिसतात, लांबून आलेली लहान पोरं तिथे मी लहानपणापासून बघतोय. आठ वर्षांचं पोर आईपासून समुद्रापलीकडे राहिलं, त्याला एकटं वाटलं असणारच, हे मी मान्य करतो. पण त्याची आई जेर आणि बहीण कश्मीरा २००० साली आलेल्या 'द अनटोल्ड स्टोरी' या माहितीपटात त्याच्याबद्दल स्वतः बोलल्या आहेत. ज्याला वाटतं त्या घराने पोराला वाऱ्यावर सोडलं, त्याने त्या माउलीचं बोलणं ऐकावं.

शाळेने गाणं दाबलं? अगदी उलट झालं. मुलाच्या हातात कला आहे हे मुख्याध्यापकांच्याच लक्षात आलं. त्यांनी झांझिबारला पत्र लिहून कळवलं की थोडी जास्त फी भरलीत तर याला संगीत नीट शिकवता येईल. आईवडिलांनी फी भरली. पियानोच्या प्रात्यक्षिक आणि लेखी अशा दोन्हींत तो चौथ्या श्रेणीपर्यंत गेला. शाळेच्या गायनवृंदात गायचा, आणि बारा वर्षांचा असताना वर्गमित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, तोही तिथेच. 'आपला आपण शिकला' असं लिहिणाऱ्याने त्या शिक्षकांचं श्रेय एका ओळीत पुसून टाकलंय.

आता नापास होण्याचं. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. शेवटी शेवटी त्याचं अभ्यासावरून लक्ष उडालं आणि दहावी पार न करताच १९६३ मध्ये तो घरी परतला. पण मेसेज तिथेच थांबतो, आणि खोटेपणा नेमका तिथे आहे. झांझिबारला तो पुन्हा शाळेत गेला. १९६४ ला तिथे क्रांती झाली, कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला, लंडनजवळच्या फेल्टमला आलं. अशा उलथापालथीतही त्याने आयलवर्थच्या पॉलिटेक्निकमध्ये चित्रकलेची परीक्षा दिली, ईलिंगच्या कला महाविद्यालयात प्रवेश मिळवला आणि १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला. ईलिंगलाच टिम स्टाफेल त्याच्याबरोबर शिकत होता. हा टिम ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या 'स्माइल' बँडचा गायक. फ्रेडीची त्या दोघांशी गाठ पडली ती टिममुळे, आणि टिम सोडून गेल्यावर १९७० मध्ये 'क्वीन' उभी राहिली. तो कॉलेजला गेलाच नसता तर ही गाठ पडली असती का?

'क्वीन'मधले बाकीचे तिघे बघा. ब्रायन मे २००७ मध्ये इम्पीरियल कॉलेजचा खगोलभौतिकीतला डॉक्टर झाला. जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पहिल्या वर्गातला पदवीधर. टेलरने दंतवैद्यकी सोडली, पण जीवशास्त्राची पदवी घेतली. शिक्षण सोडा हे सांगायला जगात हाच बँड सापडला?

मेसेजमध्ये असंही आहे की शाळेत चिडवायचे म्हणून त्याने नाव बदललं. पुढे आलेल्या दातांवरून पोरं चिडवायची हे खरं, पण 'फ्रेडी' हे नाव त्याला शाळेतल्या मित्रांनीच दिलं, आणि 'मर्क्युरी' तर त्याने १९७० च्या सुमारास लंडनला घेतलं.

काल मी भाच्याला क्वीनचं बोधचिन्ह मोबाइलवर मोठं करून दाखवलं. मधे क्यू, आत मुकुट, दोन बाजूंना दोन सिंह, वर खेकडा, खाली दोन पऱ्या, आणि सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स. चौघांच्या राशी आहेत त्या: डीकन आणि टेलर सिंह, मे कर्क, फ्रेडी कन्या. हे फ्रेडीने स्वतः काढलंय, ईलिंगला शिकलेल्या हाताने. भाचा बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "मामा, उद्या गणिताला येशील का?"