धुक्यावरचा तोडगा पावसात चालत नाही

संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च, यावरून भारतात वाद सुरूच असतो. इथे ऑस्ट्रियात तो 3 टक्क्यांच्या वर आहे. पैसा कमी आहे, हे खरंच. पण हवेतून लेसरने डेटा नेणाऱ्या, आणि लेसर अडला की रेडिओवर जाणाऱ्या बिनतारी लिंकपुरतं पाहिलं, तर सिंहस्थाच्या तयारीतल्या नाशिकला निधीच्या रकमेइतकीच त्याच्या वेळापत्रकाची चिंता करायला हवी.

युरोपातल्या अशा संशोधनात धुकं हा मोठा शत्रू. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या तांत्रिक विद्यापीठाने त्यावर बरीच मोजमापं केली आहेत. दृश्यमानता 200 मीटरवर आली की लेसरचा सिग्नल किलोमीटरमागे साधारण 85 डेसिबलने (सिग्नलची घट मोजायचं एकक) घटतो, म्हणजे लिंक मेलीच. 70-80 गिगाहर्ट्झच्या रेडिओला धुकं फारसं बाधत नाही, म्हणून तो राखीव ठेवतात.

त्र्यंबक-इगतपुरीकडे हीच जोडी तोंडघशी पाडेल. ताशी 100 मिलिमीटरच्या सरीत लेसर किलोमीटरमागे वीस-पंचवीस डेसिबल गमावतो, आणि 80 गिगाहर्ट्झचा रेडिओ तीसच्या आसपास. मदतीला ठेवलेला गडीच आधी आडवा! तिथे 5.8 गिगाहर्ट्झ बरा. त्याच सरीत घट एखाद्या डेसिबलची, आणि 2018 पासून हा पट्टा परवानामुक्त आहे. वेग मात्र गिगाबिटवरून काहीशे मेगाबिटवर येतो, आणि गर्दीच्या ठिकाणी इतरांच्या वायफायचा त्रास होतो.

यातलं नाशिकला काय लागू पडतं, ते गच्चीवर मोजूनच कळेल. एक किलोमीटरची लिंक, 0.2 मिलिमीटरला टिपणारं पर्जन्यमापक, दृश्यमानता मापक आणि दर सेकंदाला सिग्नलची नोंद. दिवसाच्या पावसाचा आकडा इथे कुचकामी, मिनिटाचा दर हवा. निफाडकडच्या थंडीतल्या धुक्यासाठी हिवाळाही मोजायचा. लेसरवरून रेडिओवर जाण्याची आणि परत येण्याची पातळी एकच ठेवली, तर हलक्या सरीत लिंक सतत इकडून तिकडे उड्या मारते आणि डेटाचे तुकडे (पॅकेट) गळतात. म्हणून परतीची पातळी तीनेक डेसिबल वर ठेवायची आणि मिनिटभर सिग्नल टिकला तरच परतायचं. पत्र्याच्या शेडवर खांब रोवू नये. एक मिलिरेडियन कलला, तर किलोमीटरवर झोत मीटरभर सरकतो.

हे सगळं पावसाळ्याआधी उभं राहायला हवं. उपयोगिता प्रमाणपत्रापायी, म्हणजे आधीचे पैसे नीट खर्चले याच्या दाखल्यापायी, अनुदानाचा दुसरा हप्ता जुलैपर्यंत अडकला, तर अख्खं वर्ष हातचं जातं. जून 2025 मध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, संस्थाप्रमुखांना जेम या सरकारी ऑनलाइन बाजाराबाहेर खरेदीची मुभा दिली. चांगलं झालं, पण हप्त्याची तारीख त्याने हलत नाही.

संशोधकांची जाळी विणणाऱ्या युरोपातल्या कॉस्ट योजनेतून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ती उपकरणांना किंवा पगाराला पैसे देतच नाही. बैठका, प्रशिक्षण आणि दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काही आठवडे राहून काम करणं, एवढ्यालाच देते. प्रकाशीय बिनतारी संपर्कावरचा तिचा न्यूफोकस प्रकल्प 2020 ते 2024 असाच चालला. नाशिकच्या गच्चीवरची लिंक मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांना वापरू दिली, तर त्यांच्या प्रवासाला आणि राहण्याला लागणारी रक्कम अगदी किरकोळ आहे.

सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये, ऐन पावसात आहेत. तात्पुरत्या मोबाइल टॉवरना जोडणारी लिंक तिथेच कसाला लागेल. त्यासाठीच्या अनुदानात पहिला हप्ता जानेवारीत, खांब मेअखेर उभे, आणि पावसाळाभर काचा पुसून दिशा तपासणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार, ही तीन कलमं लेखी असावीत.