चौसष्ट मात्रांची फुगडी

मी फुगडीतली पट्टीची बाई आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची फजिती वाचताना तुम्हाला थोडं वाईट तरी वाटेल. इस्लामपूरला आमच्या आळीत मंगळागौरीला माझ्याशी हात धरायच्या आधी बायका पदर खोचायच्या आणि मनातल्या मनात कुलदैवताचं नाव घ्यायच्या. आमचे हे मात्र ह्या बाबतीत कोरडे पाषाण. विसर्जनाला ताशा कानाशी कडकडत असला तरी ह्यांचा उजव्या पायाचा फक्त अंगठा हलतो, तोही बुटाच्या आत. स्वतःच्या वरातीत घोड्यावर होते म्हणून सुटले.

न्यू जर्सीत एकोणीस वर्षं काढली. एडिसनला दाराशी वाणसामान, वीस मिनिटांवर गणपती, नवरात्रात गरबा. मग ह्यांची नोकरी मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात गेली, आणि आम्ही अशा गावात येऊन पडलो जिथे कढीपत्त्यासाठी तासभर गाडी हाणावी लागते. गावात करमणुकीची जागा एकच, ग्रेंजचा हॉल. ग्रेंज ही १८६७ साली निघालेली शेतकऱ्यांची संघटना. तिचे लाकडी हॉल न्यू इंग्लंडमध्ये अजून गावोगाव दिसतात. आमच्याकडे शेतकरी फारसे उरले नाहीत, हॉल उरलाय. महिन्यातून एका शुक्रवारी तिथे लोकसंगीताची नाहीतर ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या गाण्यांची, मैफल असते आणि एका शनिवारी नाच.

आधी गेलो मैफलीला. घडीच्या खुर्च्या, दाराशी पैसे टाकायला टोपली, मागच्या टेबलावर कुणीतरी घरून करून आणलेला सफरचंदाचा पाय. (हा खायचा पाय. नाचायच्या पायांकडे येतेच आहे.) गिटार घेऊन एकटा म्हातारा बसलेला. ब्लूजच्या कडव्याची साधारण तऱ्हा अशी, की एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. मला ही रचना मुळीच परकी वाटली नाही. माझ्या सासूबाई जन्मभर ह्याच छंदात बोलल्या. “दूध उतू जातंय वाटतं. अगं, दूध उतू जातंय वाटतं. तरी म्हटलं होतं, गॅसपाशी मला उभं राहू दे.”

गाता गाता त्या माणसाने मिसिसिपी जॉन हर्टची गोष्ट सांगितली. ह्या हर्टने १९२८ साली काही तबकड्या भरल्या, त्या काही फार खपल्या नाहीत, तो मुकाट्याने परत शेतात गेला. त्याच्या एका गाण्यात अ‍ॅव्हलॉन ह्या त्याच्या गावाचं नाव होतं. त्यावरून माग काढत १९६३ साली एक चाहता थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. पस्तीस वर्षांनी! मला इतकं भरून आलं, की पुढच्या गाण्यात एक सुंदर मींड आल्याबरोबर माझ्या तोंडून “क्या बात है!” निघून गेलं. भारतात ह्यावर गाणारा मान डोलावतो. इथे गाणारा थांबला, गिटारवर हात ठेवून माझ्याकडे वळला आणि अदबीने म्हणाला, “सॉरी?” सगळा हॉल माझ्या प्रश्नाची वाट बघत राहिला. ह्यांनी बुटांची नाडी बांधायला घेतली. बूट बिननाडीचे होते.

निघताना दाराशी बसणाऱ्या पांढऱ्या केसांच्या आजी म्हणाल्या, “शनिवारी कॉन्ट्रा नाच आहे. काही येत नसलं तरी चालतं.” मी ह्यांच्याकडे बघून हसले. त्या हसण्याचे पैसे मी अजून फेडते आहे.

कॉन्ट्रा नाच मूळचा इंग्लंडातला. तिकडे १६५१ साली जॉन प्लेफर्डने अशा नाचांचं पुस्तक छापलं होतं. हा नाच फ्रान्सला जाऊन, नाव बदलून, समुद्र ओलांडून न्यू इंग्लंडच्या खेड्यांत स्थिरावला. शहरांनी टाकून दिल्यावर न्यू हॅम्पशरच्या राल्फ पेजसारख्या माणसांनी तो जिवंत ठेवला. समोरासमोर दोन लांब रांगा आणि स्टेजवर फिडल (म्हणजे व्हायोलिनच), पियानो वगैरे. शिवाय एक कॉलर, म्हणजे माइकवरून पुढची चाल सांगणारी व्यक्ती. आमच्याकडे ही एक उत्साही बाई होती. चाल चौसष्ट मात्रांची. ती संपली की प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते आणि नव्या शेजाऱ्यांबरोबर तेच सगळं पुन्हा. म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाला नवे शेजारी. एवढ्या वेगाने तर पुण्यात भाडेकरूसुद्धा बदलत नाहीत.

दारावर पाटी होती, ‘अत्तर लावून येऊ नये’. मी खास नाच म्हणून लावलं होतं, ते बाथरूममध्ये जाऊन घासून काढलं. आत सहा फुटी, दाढीवाला एक गृहस्थ फुलाफुलांचा घेरदार स्कर्ट घालून गिरक्या घेत होता. मी बघतेय असं पाहून म्हणाला, हवेशीर असतो. बरोबर आहे, माझे मामा लुंगीबद्दल हेच म्हणायचे.

नवख्यांसाठी आधी अर्धा तास शिकवणी होती. जोडीतल्या डाव्या माणसाला म्हणायचं लार्क आणि उजव्याला रॉबिन. पूर्वी पुरुष आणि बाई असं म्हणत; आता पक्षी केलेत, म्हणजे कुणीही कुठेही नाचावं. हे झाले लार्क, मराठीत चंडोल. बावन्नाव्या वर्षी नवरा चंडोल झालेला बघायला मिळणं, हेही काही कमी नव्हे. मी रॉबिन. इथवर ठीक होतं. मग कॉलरबाई म्हणाल्या, “डावा हात द्या.”

माझी अडचण अशी आहे, की मला उजवा हात जेवणावरून कळतो. शाळेत ‘दाहिने मूड’ ऐकलं की मी मनात एक घास उचलायचे आणि त्या बाजूला वळायचे. तो घास आता मनातून हातात आला. प्रत्येक हुकमाला माझा हात आधी तोंडाकडे, मग योग्य दिशेला. चौथ्या खेपेला समोरच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने सांगितलं, की खाणं मध्यंतरात आहे.

पण खरी मौज स्विंगमध्ये. दोघांनी एकमेकांना धरायचं, उजवा पाय मध्ये रोवल्यासारखा ठेवायचा, डाव्याने लहान मुलं स्कूटर ढकलतात तसं ढकलायचं आणि भोवऱ्यासारखं फिरायचं. माझे प्राण लकाकले. ही तर आपली फुगडी! त्यात कॉलरबाई माइकवरून ओरडल्या, “वजन द्या! एकमेकांना वजन द्या!” जिथे तिथे वजन कमी करायचे सल्ले ऐकत आलेल्या बाईकडे पहिल्यांदाच कुणीतरी ते मागत होतं. मी दिलं. सगळं दिलं.

समोर एक सज्जन आजोबा होते. त्यांचा एक गुडघा नवा बसवलेला आहे, हे मला नंतर कळलं. इस्लामपूरच्या हिशोबाने मी मागे रेलले, टाचा रोवल्या आणि दिली गिरकी. आम्ही आमच्या रांगेतून निघालो, शेजारच्या रांगेला भोक पाडलं आणि पियानोपाशी थांबलो. त्यांचा चष्मा आमच्या आधी पोचला होता. आजोबा धापा टाकत, डोळे चमकवत म्हणाले, “पुन्हा?” पण तेवढ्यात चौसष्ट मात्रा संपल्या होत्या आणि माझे पुढचे शेजारी माझी वाट बघत होते, कॉन्ट्रामध्ये कुणासाठी काही थांबत नाही. मी कुठे जायचं हे मला सोडून हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोटाने, कुणी भुवयांनी, एकाने हनुवटीने मला वाट दाखवली. पंढरीच्या वाटेवरसुद्धा इतके मार्गदर्शक भेटत नाहीत.

आणि आमचे हे? ह्यांचं काय झालं ते लिहायला मला जड जातंय. हे सफाईने नाचत होते.

झालं असं, की ह्या नाचात नाचावं लागतच नाही. चालायचं आणि मोजायचं. कंबर हलवा, लाजा, मुरका, असली कुठलीच अपेक्षा नाही. ह्यांनी दोनदा चाल समजून घेतली आणि माझ्या कानाशी म्हणाले, “अगं, हा साधा लूप आहे. चौसष्ट झाले की व्हेरिएबल एकाने वाढवायचा.” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मध्यंतरात पाहते तर जो भेटेल तो प्रोग्रॅमर, नाहीतर गणिताचा मास्तर. पहिल्या चार-पाच फेऱ्या झाल्या की कॉलरबाई बोलायचं बंद करतात. त्याच क्षणी माझ्या डोक्यातले दिवे जातात आणि ह्यांचे लागतात. दर नाचाला जोडीदार बदलायची तिथे पद्धत आहे. निवृत्त शिक्षिकांची ह्यांच्यासाठी रांग लागली. पुढचे तीन नाच बुक झालेत, असं हे मला येऊन सांगून गेले. पाणी प्यायला आले होते.

एका नाचात ह्यांची जोडी पुढे सरकत सरकत माझ्यासमोर आली. आठ-दहा सेकंदांचा स्विंग. “डोळ्यांत बघ, नाहीतर चक्कर येईल,” हे म्हणाले. कॉलरबाईंनीही तेच शिकवलं होतं. अनोळखी पुरुषांच्या डोळ्यांत मी तोवर तासभर डोळे घालून आले होते, आता ह्यांच्याही घातले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. ह्यांच्या डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, एक बारीक तीळ आहे.

“अहो, तुमच्या डोळ्यात तीळ आहे!”

“बोलू नकोस, मात्रा चुकतील,” म्हणाले, आणि पुढच्या बाईंकडे गेले.

मला ह्या नाचातली एकच गोष्ट मनापासून जमली. रांगेच्या टोकाला पोचलेल्या जोडीला एक फेरी नुसतं उभं राहायचं असतं. काय सुंदर उभी राहिले मी! फक्त तिथे उभं असताना आपसांत जागा बदलायची असते, ते राहिलं. रॉबिन म्हणून बाहेर पडले होते, चंडोल होऊन परत आले. पुढच्या सगळ्या घरांत दोन-दोन चंडोल एकमेकांच्या पाठीमागे हात टाकायला धडपडत होते, आणि ही लागण दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

मध्यंतरासाठी मी कोथिंबीर वड्या नेल्या होत्या. तिथे प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय काय आहे त्याची चिठ्ठी लावावी लागते. मी प्रामाणिकपणे अकरा जिन्नस लिहिले. चिठ्ठी वडीहून मोठी झाली. वड्या सहा मिनिटांत संपल्या. नव्या गुडघ्याचे आजोबा वडी खात मला म्हणाले, “ते तुम्ही जे केलंत, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?” मी सांगितलं. ते घोकत घोकत गेले, “फूग-डी, फूग-डी.” कॉलरबाईंनी मग मला दोन तरुण मुलींबरोबर ती करून दाखवायला लावली. पियानोपासून लांब.

शेवटी वॉल्ट्झ असतो. शेवटचा वॉल्ट्झ आपल्या माणसाबरोबर करायचा, असा अलिखित रिवाज. हे घाम पुसत, विजयी मुद्रेने माझ्याकडे आले. दिवे मंद झाले, फिडलवर एक लांब, उदास सूर लागला. रांगा नाहीत, शेजारी नाहीत, मोजायला चौसष्ट नाहीत. जो तो आपापल्या माणसाला धरून वाटेल तसा तरंगत होता. हे माझा हात धरून खांबासारखे उभे.

“चला ना,” मी म्हटलं. “माझ्या डोळ्यांत बघा.”

ह्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. मग वाकून हळूच विचारलं, “कॉलर काहीच का बोलत नाहीये गं?”