पाट्यांवर सरसकट बंदी नको

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय. आमच्या टाउनहाऊस कॉलनीच्या असोसिएशनपुढे ठराव आलाय: निवडणुकीची पाटी कुणीही, कुठेही लावायची नाही. कारण काय, तर मागच्या निवडणुकीत पाट्यांवरून शेजाऱ्यांत जुंपली आणि काही पाट्या रातोरात गायब झाल्या. आपल्यातलेच बरेच जण म्हणताहेत, "बरं झालं, कटकट मिटेल." मला हे मुळीच पटत नाही. पाट्या पळवणारा मोकळा आणि तोंड बंद कुणाचं, तर लावणाऱ्याचं?

डिसेंबर १९९० मध्ये मिसुरीतल्या लड्यू गावात मार्गारेट गिलिओ यांनी अंगणात आखाती युद्धाविरुद्ध पाटी लावली. ती गायब झाली. दुसरी लावली, ती कुणीतरी पाडली. पोलिसांकडे तक्रार केली तर कळलं, गावात अशा पाट्यांनाच मनाई! 'घर विकणे आहे' ही पाटी मात्र चालत होती. बाई कोर्टात गेल्या. मग वरच्या मजल्याच्या खिडकीत साध्या कागदाएवढी पाटी लावली. गावाने नियम बदलले, तरी तीही बेकायदाच. १९९४ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: बेताची ऐपत असलेल्या माणसाला मत मांडायला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही, आणि पाटी कुणाच्या घरासमोर आहे यालाही अर्थ असतो.

"पण तो निकाल सरकारी नियमांबद्दल, असोसिएशन खाजगी आहे," असं कमिटीतले एक काका म्हणाले. बरोबर आहे. पण न्यू जर्सीच्या स्वतःच्या राज्यघटनेचं काय? पार्सिपनीत टाउनशिप कौन्सिलला उभे असलेल्या वसीम खान यांनी स्वतःच्याच घराच्या खिडकीत आणि दारावर प्रचाराची पाटी लावली, तर असोसिएशनने ती काढायला लावली. तिथेही सूट फक्त विक्रीच्या पाटीला! २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली.

मर्यादा घालायला माझी ना नाही. ट्विन रिव्हर्स या न्यू जर्सीतल्याच वसाहतीत खिडकीत एक आणि घरालगतच्या फुलांच्या वाफ्यात एक, एवढीच मुभा होती. २००७ मध्ये त्याच न्यायालयाने ती मान्य केली. आपणही तसंच करू: आकार ठरवा, संख्या ठरवा, निवडणुकीच्या निकालानंतर आठवड्यात काढायला सांगा. सामायिक हिरवळीवर कुणाचीच नको. आणि नियम सर्व पक्षांना एकच.

मी ठरावाविरुद्ध मत देणार आहे आणि ही दुरुस्तीही मांडणार आहे. अनुमोदनाला कुणीतरी उभं राहा. सभेला येणं जमत नसेल तर प्रॉक्सी फॉर्म (आपल्या वतीने दुसऱ्याला मत देऊ देणारा) आधी भरून द्या.