'ऐकून कोण लेखक झालाय?' या कमेंटला उत्तर

'जुना वाचक' या नावाने कमेंट करणारे सर, नमस्कार. खरं नाव घातलं असतंत तर बोलायला बरं पडलं असतं, असो.

नवीन लिहिणाऱ्यांसाठी 'रायटिंग एक्सक्यूजेस' या इंग्रजी पॉडकास्टसारखे जे ऑडिओ लेसन्स असतात त्यांच्याबद्दल मी चांगलं लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की "कानात बोळे कोंबून कोणी लेखक होत नाही, लेखक वाचून होतो". शिवाय हे सगळं इंग्रजी, अमेरिकेतल्या बाजारासाठी केलेलं, ते आपल्या काय कामाचं. आणि माझ्या दिवाळी अंकातल्या कथेची वाक्यं इंग्रजी वळणाची आहेत, म्हणजे फायदा किती झाला ते दिसतंच आहे, पुढे हसणारी स्मायली.

मुद्दा मांडा ना, कोण नको म्हणतंय? पण कोंबून काय, स्मायली काय! पणजीला कला अकादमीत एखाद्या कार्यक्रमाला समोरासमोर भेटलो असतो तर असंच बोलला असता का? मला नाही वाटत.

इंग्रजीचं थोडं मान्य. 'रायटिंग एक्सक्यूजेस'मध्ये तिघं-चौघं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात, सवय नसेल तर निम्मं डोक्यावरून जातं. त्याची ट्रान्सक्रिप्ट मिळते, ती वाचा, तुम्हाला वाचायचंच आहे ना. झालं.

आता कानाचं. लेखक वाचून होतो हे तुम्ही मला सांगताय? पाटोच्या सेंट्रल लायब्ररीचं माझं कार्ड इतकं जुनं आहे की त्यावरचा फोटो माझा आहे हे पटवून द्यावं लागतं. आणि नुसतं वाचून होत असतं तर तिथे रोज सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या सगळ्यांची एव्हाना पुस्तकं यायला हवी होती.

माझे पप्पा जत्रेच्या नाटकांना प्रॉम्प्टर होते. माशेलला आमच्या अंगणात तालमी चालायच्या, मी पायरीवर बसून ऐकायची. एखादं वाक्य आलं की नटाची जीभ रोज तिथेच अडायची, पप्पा त्याच्याखाली पेन्सिलने बारीक रेघ मारायचे, आणि दोन-तीन दिवसांनी सरळ ते वाक्यच मोडायचे, "या प्रसंगी मला असे वाटते की तू येथून निघून जावेस" याचं "जा तू" करून टाकायचे. नाटककार किती मोठा आहे याचं त्यांना काही पडलेलं नसायचं. छापलेलं वाक्य वाचताना चांगलंच वाटायचं हो, ते अडतंय हे कळलं ऐकताना. मला संवाद जे काय लिहिता येतात ते त्या पायरीवरून आलेत, तेव्हा कानाने काही शिकता येत नाही हे मला तरी सांगू नका. कीर्तन ऐकून मोठी झालेली माणसं आहोत आपण, आणि आपल्यालाच कानाचा एवढा कमीपणा?

आणि तुम्ही एकही एपिसोड ऐकला नाही हे कमेंटवरून स्वच्छ दिसतं, कारण ऐकला असतात तर शेवटच्या होमवर्कबद्दल काहीतरी बोलला असता. 'रायटिंग एक्सक्यूजेस' 2008 पासून चालू आहे, एपिसोड पंधरा मिनिटांचा हे त्यांच्या जुन्या टॅगलाइनमध्येच होतं, आणि शेवटी काहीतरी लिहायला देतात. 2015 चा अख्खा सीझन तर कोर्ससारखा बांधलाय. त्यातला पहिला होमवर्क म्हणजे पाच कथांच्या कल्पना 150 शब्दांच्या आत लिहायच्या, पण प्रत्येक वेगळ्या ठिकाणाहून काढायची, एक कुणाशी तरी झालेल्या बोलण्यातून, एक माहिती शोधून, एक बाहेर पडून आजूबाजूला बघून, एक सिनेमाबिनेमातून, एक संगीतातून. म्हणजे ऐकून झालं की लिहायला बसावंच लागतं. बसून नुसतं ऐकत राहिलं तर काही होत नाही, पण ते पुस्तकांचंही तसंच आहे.

मी तो एपिसोड बसमध्ये ऐकला आणि इयरफोन काढून बघायला लागले, तर बाणस्तारीला चढलेल्या एका बाईचा कंडक्टरशी वाद चाललेला, पिशवीतल्या कोंबड्याचं तिकीट काढायचं की नाही. बाई म्हणते तो मांडीवर आहे, सीटवर नाही. कोंबडा पिशवीतून मान काढून आळीपाळीने दोघांकडे बघतोय. जुने गोवे येईपर्यंत मी फोनवर सगळं टिपून घेतलं, आणि तुम्हाला जिची वाक्यं इंग्रजी वाटली ती कथा हीच. कुठलं वाक्य ते एक तरी दाखवलं असतंत तर मी बघितलं असतं, पण ते कशाला, मोघम बोलून निघून जायला काय लागतं! कथेबद्दल मी यापेक्षा जास्त बोलणार नाही. संपादकांना आवडली, छापली, मानधनही वेळेवर आलं.

पुढच्या वेळी संवादांवरच्या एपिसोड्सबद्दल लिहिणार आहे. वाचा किंवा वाचू नका, पण परत बोळे काढायच्या आधी 2015 चा पहिला एपिसोड ऐका आणि तो होमवर्क करून इथे टाका, पाचही. मी वाचेन, आणि स्मायली नाही टाकणार.