हेझलबाईंची छत्तीस वर्षं

पुण्याच्या मैत्रिणीला परवा फोनवर सांगितलं की आमच्या कॅनडातल्या मिसिसॉगा शहरात एकच बाई सलग छत्तीस वर्षं महापौर होत्या. तिला खरंच वाटेना. कसं वाटेल? महाराष्ट्रात महापौर अडीच वर्षांचा, नगरसेवकांनी निवडलेला, आणि कारभार आयुक्तांच्या हातात. तेव्हा हेझल मॅकॅलियन यांच्याबद्दल एकदा नीट लिहावं म्हटलं.

जन्म १९२१ चा, क्वेबेकच्या गास्पे किनाऱ्यावर, मासळीचा धंदा असलेल्या घरातला. कॉलेजला जाण्याइतके पैसे नव्हते. मॉन्ट्रियलमध्ये तरुणपणी आइस हॉकी खेळल्या, एका सामन्याचे ५ डॉलर मिळायचे. लग्नानंतर स्ट्रीट्सव्हिल या छोट्या गावात आल्या, नवऱ्याबरोबर गावाचं वर्तमानपत्र काढलं, मग गावच्या महापौर झाल्या. १९७४ मध्ये ते गाव मिसिसॉगा शहरात विलीन झालं. त्याला त्यांनी कडाडून विरोध केला होता, आणि चार वर्षांनी त्याच शहराने त्यांना महापौर केलं.

पुढच्याच वर्षी परीक्षा आली. १० नोव्हेंबर १९७९, शनिवारची रात्र. एका मालगाडीचं बेअरिंग तापून डबे घसरले, प्रोपेनच्या टाक्यांचे स्फोट झाले आणि क्लोरीनची टाकी फुटून वायू बाहेर पडू लागला. दोन लाखांहून जास्त माणसं घराबाहेर काढली. तीन रुग्णालयं रिकामी केली. हेझलबाईंचा पाय मुरगळला होता, तरी लंगडत त्या जागोजागी जात होत्या, लोकांना रोज काय चाललंय ते सांगत होत्या. एकही माणूस दगावला नाही! याचं श्रेय पोलीस आणि अग्निशमन दलाचंही तितकंच आहे, पण घर सोडून बसलेल्या लोकांना जो चेहरा दिसला तो यांचा होता. मला वाटतं, पुढच्या सगळ्या निवडणुका त्या आठवड्यातच जिंकल्या गेल्या.

सलग बारा वेळा त्या निवडून आल्या. पुढे पुढे प्रचारही करत नसत, देणगी द्यायची तर धर्मादाय संस्थांना द्या म्हणायच्या. आणि एक गोष्ट आपल्याकडे सहसा लक्षात येत नाही: तिथे महापौराला सभागृहात इतरांसारखं एकच मत असायचं. त्यांचा दरारा कायद्यातून आलेला नव्हता, माणसातून आला होता. म्हणून मला त्या फार मोठ्या वाटतात.

पण कौतुक करताना त्यांच्या शहराचा हिशोबही मांडायला हवा. मिसिसॉगा वर्षानुवर्षं कर्जमुक्त होतं, याचा त्यांना अभिमान. यामागे काटकसर होतीच, पण मोठा आधार होता बिल्डरांकडून मिळणाऱ्या विकास शुल्काचा. शेतं संपत गेली, घरं उभी राहत गेली, पैसा येत गेला. लोकसंख्या सात लाखांवर गेली. मोकळी जमीन संपत आल्यावर हा ओघही आटणारच होता, आणि शेवटी शहराने कर्ज काढलं. शिवाय जे शहर उभं राहिलं ते गाडीवाल्यांचं. रुंद रस्ते, लांब पसरलेल्या वसाहती, साधं दूध आणायलाही बहुतेक ठिकाणी किल्ली घेऊन निघायचं.

आणि २०११ चा चौकशी अहवाल. शहराच्या मध्यभागी एका हॉटेल प्रकल्पाचा प्रस्ताव होता, त्यात त्यांच्या मुलाचं हित गुंतलेलं होतं. तो प्रकल्प पुढे जावा म्हणून महापौरपदाचं वजन वापरणं हा हितसंबंधांचा संघर्ष आहे, असं चौकशी करणारे न्यायमूर्ती कनिंगहॅम यांनी स्पष्ट म्हटलं. लोकांनी तेही माफ केलं. मी केलं नाही. इतकी वर्षं एका खुर्चीत बसल्यावर घर आणि शहर यांतली रेघ पुसट होते, आणि ती दाखवून देणारं आजूबाजूला कोणी उरत नाही.

२०१४ मध्ये, ९३ व्या वर्षी, त्या स्वतःहून थांबल्या. २९ जानेवारी २०२३ ला गेल्या, १०१ वर्षांच्या होऊन. १४ फेब्रुवारीला, त्यांच्या वाढदिवशीच, शासकीय इतमामात निरोप दिला गेला.

आता मिसिसॉगातल्या हुरोन्टारिओ रस्त्याच्या मधोमध ट्रामचे रूळ आले आहेत. गाड्यांसाठी वाढवलेल्या शहराला पुन्हा जोडण्याचं हे अवघड, महागडं काम आहे, आणि त्या मार्गाला हेझलबाईंचंच नाव दिलंय.